पंगतीत शोधलेला संघ

दिवाकर, परवा तुझी तेरवी झाली. जेवायला सगळं गाव लोटलं होतं आणि मी वांग्याच्या भाजीची बादली घेऊन वाढत होतो. चौथ्या पंगतीत सहा-सात वर्षांची एक पोरगी बसली होती. दोन वेण्या, त्यातल्या एकीची रिबन सुटलेली. भज्याकडे तिचा डावा हात गेला आणि शेजारी बसलेल्या तिच्या आईचा उजवा हात वर आला. "थांबा!" मी इतक्या जोरात ओरडलो की बादलीतला रस्सा पलीकडच्या म्हाताऱ्याच्या धोतरावर सांडला. अख्खी पंगत माझ्याकडे बघायला लागली. तरी मी त्या बाईला विचारलंच, "ताई, पोरगी कोन्या वर्गात आहे?" मग माझं मलाच कळलं, की तुझ्या तेरवीच्या जेवणात मी तुझंच काम करून राहिलोय. म्हाताऱ्याच्या शिव्या खाल्ल्या, त्या वेगळ्याच.

तू आता नाहीस, हे रोज सकाळी स्वतःला नव्याने सांगावं लागतं. साडेपाचला जाग येते, आणि मैदानावर जायच्या आधी पाच मिनिटं मी अंथरुणातच तुझ्यावर चिडून घेतो. झोपेतच गेलास. कुणाला काही बोलायची संधी दिली नाहीस. माझं तर बरंच बोलायचं राहिलं होतं.

अल्लीपूरसारख्या कापसाच्या गावात बेसबॉल कुठून आला, असं बाहेरचे लोक आजही विचारतात. तू आणलास. शाळेत तू खेळाचा मास्तर, आणि एका शिबिराला जाऊन आलास तो हा खेळ डोक्यात घेऊनच. मी बाजारातला कटलरीवाला. बॅट कोणत्या टोकाला धरायची हेही मला ठाऊक नव्हतं. पण आपण पहिलीपासून एका बाकावर बसलेले, म्हणून तू मला मुलींच्या बेसबॉल मंडळाचा अध्यक्ष करून टाकलंस. "अध्यक्षाले काय काम रायते?" असं मी विचारलं तेव्हा तू म्हणालास, "काई नाई शेठ, तुह्या दुकानात लोखंडी कपाट आहे नं? त्यात सामान ठेवाचं." सामान तरी काय होतं! सुताराकडून करून घेतलेल्या दोन बॅटी, बेस म्हणून माती भरलेली सरकीची पोती, कॅचरला क्रिकेटचं हेल्मेट. आणि चार ग्लव्ह. इनिंग संपली की आपल्या पोरी समोरच्या संघाकडे धावत जायच्या आणि "ताई, दे नं" म्हणत त्यांच्या हातातले ग्लव्ह मागून घ्यायच्या. कुणी नाही म्हटलं तर ओंजळीत झेलायच्या.

आपलं भांडण पहिल्याच वर्षी लागलं आणि तू जाईपर्यंत पुरलं. मी 'औंदा'वाला, तू 'पुढल्या साली'वाला. माझं म्हणणं साधं होतं. बारावीतल्या पोरींचं हे शेवटचं वर्ष. त्या राज्यापर्यंत खेळल्या तर हातात प्रमाणपत्र येतं, पोलीस भरतीत खेळाडू म्हणून त्यांचा विचार होतो. नाही खेळल्या तर जून उजाडत नाही तोच पाहुणे घरी बघायला येतात. म्हणून औंदा जिंकायचं, आणि त्यासाठी ज्या उत्तम खेळतात त्यांनाच उतरवायचं. तुझंही काही खोटं नव्हतं. तू म्हणायचास, सहावीतली पोट्टी रोज येते, लिंबाखाली बसून दुसरीचा खेळ बघते आणि घरी जाते. महिन्याभरानं ती येणं बंद करते. मग पुढल्या साली या मोठ्या पोरी निघून गेल्यावर मैदानात कोण उभं राहील? तू की मी?

पैसेवाल्या संघांना दोन्ही जमतं. मोठ्या शहरात चाळीस पोरी असतात, त्यांच्यातल्या वीस आज जिंकतात आणि वीस उद्यासाठी तयार होतात. आपल्याकडे मोजून अकरा. एकीला खेळवायचं म्हणजे दुसरीला बसवायचं. त्यामुळे तुझा प्रत्येक निर्णय कुणाच्या ना कुणाच्या मुळावर यायचा, आणि ते मला तुझ्यापेक्षा जास्त दिसायचं, कारण त्या पोरींचे बाप माझ्या दुकानात येऊन बसायचे.

मग ते अश्विनीचं वर्ष आलं. सहा वर्षं झाली त्याला. अश्विनीसारखी पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, आपल्याला तोवर मिळाली नव्हती. तिचा बॉल बॅटजवळ येऊन असा खाली बसायचा की समोरची पोरगी हवेत बॅट फिरवून भोवळ आल्यासारखी उभी राहायची. त्याच संघात माझ्या भावाची मुलगी पल्लवी होती, बारावीत. भाऊ गेल्यावर ती आमच्याच घरी वाढली, हे तुला वेगळं सांगायला नको. तिला खाकी वर्दी घालायची होती. विभागीय स्पर्धा तोंडावर आली होती, आणि ती जिंकली की संघ राज्याला जाणार होता. अश्विनी आहे म्हणजे आपण जिंकणार, हे गावातल्या म्हशींनाही ठाऊक होतं.

आणि तू काय केलंस? नागपूरच्या एका निवासी क्रीडा शाळेत अचानक एक जागा निघाली, आठ दिवसांत या म्हणाले, आणि तू अश्विनीला सोडायच्या मंडळाच्या पत्रावर सही करून मोकळा झालास. शाळा बदलली की ती आपल्याकडून खेळू शकणार नव्हती. मला विचारलंही नाहीस. तू तिला स्वतः पोचवायला गेलास, आणि येताना तिथल्या मास्तरांनी आपुलकीनं दिलेलं एक पोतं बसच्या टपावर टाकून आणलंस. दुकानात येऊन ते माझ्यासमोर ठेवलंस. तुझा चेहरा असा, की जणू लग्नाचा रुखवत आणलाय. "शेठ, चौदा ग्लव्ह! कोरे करकरीत!"

पोतं मी सोडलं. पहिला ग्लव्ह तू हातात घालायला गेलास आणि अंगठा भलत्याच बाजूला आला. दुसरा घेतलास, तोही तसाच. चौदाच्या चौदा डावखुऱ्यांचे होते, उजव्या हातात घालायचे. त्या शाळेत कुणाच्याच कामाचे नव्हते, म्हणून तर ते कोरे राहिले होते. "तिथं पोतं सोडून पाह्यलं काऊन नाई?" मी विचारलं. तू मान खाली घालून म्हणालास, "देनाऱ्याच्या समोर पोतं सोडाचं म्हनजे बरं दिसते काय?" आपल्या आयांनी आपल्याला हेच शिकवलं, की कुणी काही दिलं तर त्याच्यादेखत उघडून बघू नये. त्या शिकवणीपायी आपल्या गावात चौदा निरुपयोगी ग्लव्ह आले. एरवी मी पोट धरून हसलो असतो. त्या दिवशी माझा तोल सुटला. "तू पोट्टी विकली दिवाकर. पोतंभर चामड्यासाठी पोट्टी विकली!"

तू इतक्या वर्षांत माझ्यावर कधी चिडला नव्हतास. त्या दिवशीही आवाज चढवला नाहीस. "शेठ, बोलला तं बोलला. पुन्हा नोको बोलजो," एवढंच म्हणालास.

आपण विभागीय हरलो. पल्लवीनं भरतीचे दोन प्रयत्न केले आणि दोन्ही वेळा थोडक्यासाठी राहिली. मी तुझ्याशी चार महिने बोललो नाही. तू मात्र रोज संध्याकाळी दुकानात यायचास, स्टुलावर बसून पेपर वाचायचास आणि जाताना सेफ्टी पिनचं एक पाकीट मागायचास. मी न बोलता पाकीट ठेवायचो. "घरात इतक्या पिना झाल्या आहेत, की हात लावीन तिथं टोचते," असं वहिनी माझ्या बायकोजवळ कुरकुरल्या तेव्हा मला घरात जाऊन हसावं लागलं. तरीही बोललो नाहीच. माझा रागही आपल्या भागातल्या उन्हाळ्यासारखा, लवकर हटत नाही.

एका संध्याकाळी तू पिना मागितल्याच नाहीस. म्हणालास, "उद्या हिंगणीले भंडारा आहे. वाढाले मानसं कमी पडून राह्यले. येतं काय?" हिंगणीत ना तुझं कुणी, ना माझं. तुला देवाधर्माचंही कधी वेड नव्हतं. मला वाटलं, पश्चात्तापानं याच्या डोक्यावर परिणाम झाला. म्हणून काळजीपोटी मोटरसायकलवर मागे बसलो.

तिथं तू बुंदीची परात घेऊन फक्त पोरांच्या पंगतीत फिरत होतास. प्रत्येक पोरासमोर वाकायचास, बुंदी ताटात न घालता जरा दूर धरायचास, आणि कोणता हात पुढे येतो ते बघायचास. डावा हात आला की आई चापट मारायच्या आत तू मध्ये पडायचास. त्या दिवशी तुला साक्षी सापडली, मामाच्या गावी आलेली आपल्याच अल्लीपूरची पोरगी. तिची आई ओशाळून म्हणाली, "किती मारलं सर, पन डावरीच राह्यली." तू परात खाली ठेवलीस आणि म्हणालास, "लय बरं झालं ताई. आता त्या हातावर मारू नोका. तो हात माह्या कामाचा आहे."

त्या वर्षी तू किती पंगती वाढल्यास! भंडारे, काला, बारशी, लग्नं. गिरडला जत्रेतसुद्धा जाऊन आलास. लोकांना वाटायचं, मास्तर म्हातारपणी भाविक झाले. वहिनींना वेगळीच चिंता होती: "घरी दोन घास खात नाई अन् गावोगाव पंगती वाढते हा मानूस." वर्षभरात तू आसपासच्या गावांतून नऊ डावखुऱ्या पोरी गोळा केल्यास. प्रत्येकीच्या त्या हातानं घरात मार खाल्लेला. त्या हातानं जोरात काही करायचं असतं, हे त्यांना खरंच वाटत नव्हतं. पहिला महिनाभर साक्षी बॉल फेकायच्या आधी आजूबाजूला बघायची, कुणी मारायला येतंय का म्हणून.

खेळाचं म्हणशील तर वेडेपणाच होता तो. थर्ड बेसवर डावखुरी पोरगी उभी केली की बॉल उचलून फर्स्टकडे फेकायला तिला सगळं अंग वळवावं लागतं. अरुंद गल्लीत बैलगाडी वळवावी तसं ते चालायचं, आणि तोवर समोरची धावून बेसवर पोचलेली असायची. दोन वर्षं आपण प्रत्येक सामना हरलो. मी बाहेर बसून डोकं धरायचो आणि तू म्हणायचास, "पुढल्या साली पाहजो." पोरींनी तुझं नावच 'पुढलं साल सर' ठेवलं होतं, हे तुला माहीत होतं का? बहुतेक असणार.

तिसऱ्या वर्षी मात्र मला माझे शब्द मागे घ्यावे लागले. डावखुरी पोरगी बॅटिंगला फर्स्ट बेसच्या बाजूला उभी राहते, म्हणजे पळायला एक-दोन पावलं कमी. आणि एकामागून एक सहा डावखुऱ्या समोर आल्या की जिल्ह्यातल्या पिचर पोरींना बॉल कुठे टाकावा ते उमजेना. एकीनं तर पंचांनाच विचारलं, "सर, हे चालते काय?" मागच्या वर्षी आपण जिल्हा जिंकलो आणि विभागीय शेवटच्या इनिंगमध्ये हरलो. परत येताना गाडीत तू पहिल्यांदा माझी भाषा बोललास: "शेठ, औंदा नाई झालं, पन येत्या औंदा होते."

हे तुझं 'येतं औंदा' चालू आहे, दिवाकर. विभागीय स्पर्धा पंधरा दिवसांवर आलीय आणि तू गेलास.

तेरवीला अश्विनी आली होती. सकाळपासून वहिनींजवळ बसून भाजी चिरत होती. ती काही मोठी खेळाडू झाली नाही. राज्याकडून एकदा खेळली, मग खांदा दुखावला, आता नर्सिंग करते. म्हणजे तू तिच्यासाठी माझ्या पल्लवीचं वर्ष मोडलंस आणि त्यातून फार काही निघालं नाही, असं मी म्हणू शकलो असतो. मी तिला विचारलं, त्या शाळेत जाऊन तुझं काय झालं? ती हात न थांबवता म्हणाली, "काका, तिथं दोन टाइम पोटभर जेवन भेटे. रोज एक अंडं भेटे. मले तेच आठवते." तिच्या घरची परिस्थिती मला ठाऊक नव्हती असं नाही. पण मी तिच्याकडे तेव्हा फक्त पिचर म्हणून पाहिलं होतं. तू तिच्या हाडांकडे पाहिलं होतंस.

पल्लवी यवतमाळहून आली होती, तिच्या दोन वर्षांच्या पोराला घेऊन. तुझ्या फोटोसमोर फार रडली. मी तिला म्हणालो, तुझं नुकसान केलेल्या माणसासाठी एवढं रडतेस? तर मलाच झाडलं तिनं. "काका, मले राग आलता तवा. सरांनी घरी येऊन माह्यासमोर हात जोडले होते. मी म्हटलं जाऊ द्या सर. तुमीच धरून बसले इतके वर्ष." तू घरी येऊन गेला होतास, हे मला सहा वर्षांत कुणी सांगितलं नाही. दुकानात असणार मी तेव्हा, तुझ्यावर रागावून बसलेला.

म्हणजे राग पल्लवीचा नव्हता, माझा होता. तिच्या नावाखाली मी तो सांभाळत बसलो. मला जिंकायचं होतं रे. आयुष्यात मी बांगड्या आणि टिकल्या विकल्या, जिंकलो कधी नाही. एकदा गावात वाजतगाजत यायची हौस होती. हे तुला तोंडावर सांगायला हवं होतं आणि माफीही मागायला हवी होती. दोन्ही राहिलं.

आणि काल सकाळी फोन आला. त्याच निवासी शाळेचा. एक जागा निघाली आहे, आठ दिवसांत यावं लागेल. त्यांना रेणुका हवी आहे.

रेणुका, तुझ्या पंगतींतलं शेवटचं फळ. आता नववीत आहे. डाव्या हाताची पिचर, अश्विनीपेक्षाही कणभर सरस. तिला सोडलं तर विभागीय गेली. आणि बारावीत साक्षीसह तिघी आहेत, तुझ्या पहिल्या तिघी, ज्यांनी दोन वर्षं नुसतं हरून काढलं. तू असतास तर मी तुझ्याशी कडाक्याचं भांडलो असतो आणि सही तू केली असतीस. दोष तुझ्या माथी गेला असता आणि मी रागावून मोकळा झालो असतो. आता मंडळाच्या पत्रावर सही करणारा मी एकटाच उरलोय.

मी तुझ्यापेक्षा शहाणपणा करायचा ठरवला. तू तेव्हा कुणाला विचारलं नव्हतंस, मी विचारणार होतो. सराव झाल्यावर तिघींना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्या मोठ्या मनानं म्हणतील, जाऊ द्या काका तिला. साक्षी माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "नाई काका. तिले पुढच्या वर्षी बी जाता येईन. आमाले पुढचं वर्ष नाई." बाकी दोघींनी माना हलवल्या. अगदी माझंच वाक्य होतं ते, औंदावालं. पुढच्या वर्षी जागा निघेलच कशावरून, असं मी पुटपुटलो. ती म्हणाली, "अन् नाई निघाली तं? आमचं काय?"

रेणुका तिकडे लिंबाखाली बूट काढत होती. एका बुटाचा तळ निघालेला, सुतळीनं बांधलेला. घरी चार भावंडं आहेत तिला. मला अश्विनीचं अंडं आठवलं.

आज सकाळी मी सही केली, दिवाकर.

मैदानावर गेलो तर तिघी माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. मी हाक मारली, कुणी वळलं नाही. सराव मात्र चुकवला नाही त्यांनी. साक्षी पिचरच्या जागेवर जाऊन उभी राहिली आणि सगळा राग बॉलमध्ये घालून फेकत राहिली. मी बाहेर बसून पाहत होतो. समजवायला जावंसं वाटलं, पण काय समजावणार? त्यांचं नुकसान खरंच आहे. मी केलंय.

तू तेव्हा चुकला होतास, हे मी आजही म्हणतो. मरणानं तुझी ही बाजू खरी ठरत नाही. पण आता त्या चुकीत तू एकटा नाहीस.